नुसता चहा

भर एप्रिलमध्ये मी स्वेटर घालून कामावर जायला लागलो, तेव्हा लोकांच्या लक्षात आलं. माझ्या लक्षात थोडं आधीच आलं होतं, पण प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे वेगळं कारण तयार होतं. वजन वाढलं ते कँटीनच्या जेवणानं. आवाज बसला तो धुळीनं. झोप येते ती वयानं. अशी सुटी सुटी कारणं असली की माणूस बराच काळ निवांत राहू शकतो.

सणसवाडीच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळत होतो. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. घर शिरूरला, कंपनीची बस सकाळी सहा वीसला. स्टोअरला पत्र्याचं छप्पर होतं, आणि उन्हाळ्यात दुपारी रॅकला हात लागला तर चटका बसायचा. अशा ठिकाणी मी बिनबाह्यांचा लोकरी स्वेटर घालून बसायचो. लाइनवरचा एक बिहारी वेल्डर खिडकीशी आला की रोज विचारायचा, "भाईसाब, आज कितना बरफ गिरा?" त्याच्या मागून आमचा फोरमन ओरडायचा, "अरे, भाऊसाहेबांना शेगडी द्या रे कुणीतरी." मी हसायचो आणि त्यांची मटेरियलची स्लिप मागायचो.

त्याच महिन्यात जयंतीची मिरवणूक होती. सगळं शिरूर घामानं निथळत नाचत होतं. मी कडेला उभा, अंगात स्वेटर. बायको जवळ आली.

"अहो, काढा की त्ये. लोकं बघायलीत."

"थंडी वाजतीये."

ती हसली नाही. माझ्याकडे नुसती बघत राहिली. ती नजर मला ओळखीची होती आणि मला ती अजिबात नको होती.

त्याचं कारण असं. तेरा वर्षांपूर्वी, आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हा, मला मनाचा आजार झाला होता. नऊ दिवस मी झोपलो नाही. त्या नऊ दिवसांत आमच्या गल्लीतल्या प्रत्येक दारावर मी लाल ऑइलपेंटनं नंबर टाकले. घरांवर, गोठ्यांवर, पिठाच्या गिरणीवर, उभ्या असलेल्या एका ट्रॅक्टरवर. कुणी विचारलं तर सांगायचो, सरकारची नवी यादी चाललीय आणि ती माझ्याकडे दिलीय. मग एके दिवशी सगळं उतरलं आणि मी भिंतीकडे तोंड करून पडलो, तो सात महिने. बायको लोकांच्या रानात खुरपायला जायची, दुपारी येऊन मला भरवायची आणि परत जायची. शेवटी पुण्याच्या एका दवाखान्यात लिथियमच्या गोळ्या सुरू झाल्या. तीन महिन्यांत मी उठून आपल्या हातानं दाढी केली. त्यानंतर एकदाही तसं झालं नाही. नोकरी लागली, मुलगी झाली, स्टोअर माझ्या हातात आलं. सगळं त्या गोळीच्या आधारानं.

म्हणून मी सुस्त दिसलो की बायको घाबरायची. हे पडणं म्हणजे तेच पडणं, असं तिला वाटायचं. मला तसं वाटत नव्हतं. तेव्हा मन काळं झालं होतं. आता मन ठीक होतं, शरीर मात्र कुणीतरी ब्रेक दाबून धरल्यासारखं चालत होतं. पण हे तिला पटवायचं कसं?

मी घाबरलो की यादी करतो. एका रविवारी बसून तक्रारींची यादी केली. थंडी वाजणे. वजन सात किलो जास्त. पोट साफ न होणे. चेहरा सकाळी सुजलेला. कातडी कोरडी. आवाज घोगरा. जिना चढताना पाय जड. बायकोनं खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, "भुवयाचं ल्ह्या. बाहीरच्या अंगानं झडल्यात." मी आरशात पाहिलं. खरंच झडल्या होत्या. आठ कलमं झाली.

ती यादी घेऊन मी शिरूरमधल्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिली तीन कलमं वाचली, अशक्तपणा म्हणाले, सुई टोचली आणि टॉनिक दिलं. महिन्यानं दुसऱ्यांकडे गेलो. त्यांनी दोन कलमं वाचली.

बायकोचे थोरले भाऊ दौंडला असायचे. रेल्वेच्या इंजिन शेडमधून फिटर म्हणून नुकतेच रिटायर झालेले. मीही त्यांना दादाच म्हणायचो. ते एकदा घरी आले, माझा चेहरा पाहिला आणि म्हणाले, "दाजी, तुमचं बॉयलर गार पडलंय. दौंडला चला. आमच्याकडं एक बाई डाक्टर हाय, ती पेशंटला नीट उलटापालटा करून बघती."

न्हावरा, चौफुला करत एसटीनं दौंडला गेलो. पन्नाशीच्या बाई, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी यादी घेतली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग पहिल्यापासून परत वाचली. त्याच वेळी मला बरं वाटायला लागलं, हे मी खरं सांगतो. मला खुर्चीवर गुडघे टेकून उभं केलं, घोट्याच्या मागच्या शिरेवर लहान हातोडी मारली आणि पाऊल कसं हलतं ते बघितलं. पाऊल हललं, पण जागेवर यायला त्यानं वेळ घेतला.

"गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

मी पाकिटातून चिठ्ठी काढून दिली. त्यांनी ती उजेडात धरली, उलटी केली, नखानं टकटक केलं.

"ही प्लास्टिकमध्ये का घातलीत?"

"घडीवर फाटायला लागली होती. लॅमिनेट करून घेतली."

"यावर शेवटची तारीख पाच वर्षांपूर्वीची आहे. तेव्हापासून?"

तेव्हापासून मी शिरूरच्या मेडिकलमध्ये ती चिठ्ठी दाखवत होतो आणि तो गोळ्या देत होता. पुण्याचे जुने डॉक्टर रिटायर झाले होते. दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं असं त्यांनी बजावलं होतं, आणि सुरुवातीची वर्षं मी न चुकता गेलोही होतो. पुढे सगळं इतकं ठीक चाललं की तपासायचं काय, असं वाटू लागलं. चिठ्ठी कायम राहावी म्हणून प्लास्टिकमध्ये घातली आणि त्याचा मला चक्क अभिमान होता. आता बाईंच्या हातात ती पाहताना कळलं, मी अशी चिठ्ठी बनवली होती जिच्यावर कुठल्याही डॉक्टरला काहीही लिहिता येणार नाही.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी रक्त घेतलं, ते पुण्याला पाठवलं. आठवड्यानं रिपोर्ट आला. लिथियमचं रक्तातलं प्रमाण बरोबर होतं, मूत्रपिंड ठीक होतं. थायरॉईडचा आकडा पाचच्या आत असायला हवा, माझा अठ्ठेचाळीस होता.

"गळ्यातली ही ग्रंथी मंदावली आहे," बाई म्हणाल्या. "ती मंदावली की हा आकडा वर जातो. लिथियमनं काही जणांना असं होतं. म्हणून तर रक्त तपासायला सांगतात."

दादा शेजारीच बसले होते. "बायकांचा आजार हाय ना ह्यो? गडी मान्साला कसा?"

"ग्रंथी गड्यांनाही असते, मामा."

"आन् गोळीनं झालाय म्हंता. मग गोळी बंद करा. जिथनं गळतंय तिथला वॉल बंद करायचा, सोपं हाय."

"नाही," बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या. "ही गोळी मनानं बंद करायची नाही. थायरॉईडची दुसरी गोळी वर द्यायची. रोज सकाळी, रिकाम्या पोटी. आणि पुण्याला मनाच्या डॉक्टरांना भेटून या, मी पत्र देते."

पुण्याचे नवे डॉक्टर तरुण होते. त्यांनीही तेच सांगितलं. दीड महिन्यानं रक्त तपासा, आकडा खाली येईल.

मी नवी वही केली. तारीख, वार, उठण्याची वेळ, थायरॉईडची गोळी, नाष्टा, लिथियम, वजन, झोप. प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण. गोळ्यांची शंभराची बाटली होती. दर रविवारी उरलेल्या गोळ्या वहीशी ताडून बघायचो. एकही दिवस चुकला नाही. दीड महिन्यानं आकडा आला एक्केचाळीस. बाईंनी गोळीची ताकद वाढवली. आणखी दीड महिन्यानं आला एकोणचाळीस.

मी तो कागद घेऊन परत पुण्याला गेलो. तरुण डॉक्टरांनी तिन्ही आकडे एकाखाली एक लिहिले.

"एवढ्या गोळीनं उतरायला पाहिजे होतं. पुढच्या वेळीही असाच राहिला तर लिथियमबद्दल विचार करावा लागेल. दुसरी औषधं आहेत."

"ती मला लागू पडतील?"

"ते घेतल्यावरच कळेल."

घेतल्यावरच कळेल म्हणजे काय, हे बायकोला समजावून सांगावं लागलं नाही. ती पोळपाटावर पीठ तसंच सोडून बाहेर जाऊन बसली.

त्या रविवारी दादा जेवायला आले. जेवता जेवता त्यांनी विषय काढलाच. "दाजी, तीन महिने झाले. हिकडनं इष घालायचं आन् तिकडनं उतारा घालायचा, ह्याला काय अर्थ हाय? तेरा वर्सं झाली. तुम्ही बरे झालाय. चार दिस बंद करून तर बघा. काय न्हाई झालं तर न्हाई झालं."

मी समजूतदार माणूस आहे असं मला वाटतं, आणि मला त्यांचं म्हणणं पटायला लागलं होतं. स्टोअरमध्येसुद्धा एखादा सुटा भाग दुसऱ्याला खराब करत असला तर तो आपण काढतोच. शिवाय मी थकलो होतो. दिवसभर ओल्या गोणीसारखं शरीर ओढत होतो. मी म्हणालो, "चार दिवस बंद करून पाहायला हरकत नसावी."

बायकोनं हातातला तांब्या खाली ठेवला. "चला जरा," म्हणाली. जेवणातून उठवलं मला. गल्लीत नेलं. गिरणीच्या दारापाशी उभं केलं. दाराला हिरवा रंग दिलेला होता, तोही जुना झालेला. ऊन तिरकं पडलं होतं आणि त्या हिरव्याखाली फुगीर, लाल कडांचा चौदा नंबर दिसत होता.

"दिसतंय?"

"दिसतंय."

"गिरणीवाल्यानं दोनदा रंग दिला, तरी दिसतंय. तुमाला काय आठवत न्हाई त्यातलं. तुमी आत व्हता. म्या भाईर व्हते. मला समदं आठवतंय. सात म्हैने, दिस मोजून." मग आवाज खाली आणून म्हणाली, "सुजलेलं चालतंय मला. सोटर घाला, जाडं व्हा, दिसभर झोपा. पर गोळी सोडली तर म्या ल्येकीला घिऊन म्हायेराला जाईन. सांगून ठिवते."

तिनं आयुष्यात मला दिलेली ती एकच धमकी. आम्ही परत आलो. दादांनी आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि भाताला हात घातला. मी लिथियमची गोळी त्यांच्यासमोर घेतली.

पुढच्या रविवारी बायको पहिल्यांदा माझ्याबरोबर दौंडला आली. एरवी ती दवाखान्याबाहेर बाकावरसुद्धा बसायची नाही. आत आली आणि पदर सावरून खुर्चीच्या कडेवर बसली. दादा दाराशी उभे राहिले.

बाईंनी रिपोर्ट परत वाचला. मग चष्मा काढून सरळ विचारलं, "गोळी चुकते का? चुकत असेल तर सांगा, मी रागावणार नाही."

मला राग आला. मी वही त्यांच्यासमोर ठेवली, बाटली ठेवली, गोळ्या मोजून दाखवल्या. बाईंनी पानं उलटली. त्यांना कौतुक वाटलं असावं, पण समाधान झालं नाही.

"वही राहू द्या. सकाळी डोळे उघडल्यापासून काय काय करता ते सांगा."

"साडेपाचला उठतो. तोंड धुतो. गोळी घेतो. आंघोळ. सहाला नाष्टा, म्हणजे चपाती नाहीतर पोहे. सहा वीसला बस."

"गोळी कशाबरोबर घेता?"

"रिकाम्या पोटी. तुम्ही सांगितलंय तसं."

"पाण्याबरोबर?"

मी बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "च्याबरूबर घेत्यात. म्याच देते हातात. च्या आन् गोळी संगटच."

"चहा कसा असतो?"

"दुधाचाच. शेजारी म्हस हाय, दूध भरपूर. पाणी नावाला. कपभर घेत्यात, आन् मग आंघोळीनंतर अजून एक."

बाई मागे टेकल्या. "अहो, तुम्ही इतकं सगळं लिहिता. चहा कुठं आहे?"

"चहा काय लिहायचा?" मी म्हणालो. आणि हे बोलताना मला आतून पूर्ण खात्री होती की मी बरोबर आहे. आपल्याकडे पहाटे कामावर निघालेल्या माणसाला काही खाल्लंस का विचारलं तर तो म्हणतो, काही नाही, नुसता चहा. दिवसभराचा उपाशी माणूससुद्धा चार कप चहा पिऊन आपण उपाशी आहोत असंच सांगतो. रिकाम्या पोटाचा आणि चहाचा काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. मी वहीत आठ रकाने आखले होते. नववा आखावा असं मला कधी वाटलं नाही.

"दुधाच्या चहाबरोबर ही गोळी अंगात नीट भिनत नाही," बाई म्हणाल्या. "बरीचशी तशीच निघून जाते. तुम्ही रोज गोळी घेत होता आणि रोज वाया घालवत होता." मग म्हणाल्या, "यात माझीही चूक आहे. मी रिकाम्या पोटी म्हणाले. चहा नाही, दूध नाही, असं म्हणायला हवं होतं. इथं प्रॅक्टिस करून वीस वर्षं झाली, मला हे कळायला पाहिजे."

दाराशी दादा हसू दाबत होते. "म्हंजी दाजींचं पोट तीन म्हैने भरल्यालंच व्हतं."

"गोळीची ताकद आता बदलत नाही," बाई म्हणाल्या. "आहे तीच साध्या पाण्याबरोबर घ्या. त्यानंतर पाऊण तास ते तास पोटात काही नाही. चहासुद्धा नाही. दीड महिन्यानं बघू."

हे सांगायला सोपं, करायला अवघड होतं. सहा वीसची बस चुकवून चालणार नव्हतं. मी वेळापत्रक नव्यानं मांडलं. गजर पावणेपाचला. उशाशी पाण्याचा तांब्या आणि गोळी. गोळी घेऊन परत आडवं व्हायचं. पावणेसहाला चहा. मला जमलं. बायकोला जास्त जड गेलं. माझ्या आधी उठून चूल पेटवायची आणि मला चहा न देता बसायचं, हे तिच्या हातांना कळायचं नाही. पहिले काही दिवस ती कप घेऊन यायची, आठवण झाली की स्वतःच परत न्यायची, आणि स्वयंपाकघरातून पुटपुटणं ऐकू यायचं. एकदा मी म्हणालो, आज राहू दे, एक दिवसानं काय होतंय. तिनं कप मोरीत ओतला.

तीन आठवड्यांत मला फरक कळायला लागला. पोट साफ व्हायला लागलं, ते पहिलं. मग सकाळी चेहऱ्यावरची सूज. एक दिवस स्टोअरमध्ये मी वेल्डरला स्लिपवर सही नाही म्हणून ओरडलो आणि आवाज पत्र्यापर्यंत गेला. तो घाबरून दोन पावलं मागे सरकला आणि मग दात काढून म्हणाला, "भाईसाब चालू हो गए!"

दीड महिन्यानं आकडा आला बारा. त्याच गोळीनं. बाईंनी दुसऱ्या कागदावर पुण्याच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली आणि ती वाचूनही दाखवली: लिथियम तसंच चालू ठेवायला माझ्या बाजूनं हरकत नाही. बायकोनं विचारलं, "म्हंजी त्ये बदलायचं न्हाई ना आता?"

"नाही बदलायचं. पण दोन्ही गोळ्या चालू राहणार, आणि दर सहा महिन्यांनी रक्त. चुकवायचं नाही."

"त्ये म्या बघते," बायको म्हणाली, आणि बाईंनी माझ्याऐवजी तिच्याकडे बघून मान हलवली.

पुढच्या तपासणीला आकडा चारवर आला. त्या दिवशी दौंडलाच दादांकडे जेवलो. वहिनींनी मासे केले होते. दादा रिपोर्ट हातात घेऊन न्याहाळत होते, जसं काही त्यावर इंजिनाचा नकाशा असावा. मग त्यांनी तो घडी करून माझ्या ताटाशेजारी ठेवला. एरवी थट्टा करणारा माणूस एकदम गंभीर झाला.

"दाजी, एक इचारू? म्या त्या दिशी म्हनलो, चार दिस बंद करा. म्या काय डाक्टर हाय का? फिटर मानूस. तुमी माझं आयकलं असतं तर?"

"ऐकणारच होतो, दादा."

"मंग?"

मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. बायको वहिनींबरोबर भाकरी थापत होती. तिची पाठ आमच्याकडे होती, पण हात थांबले होते.

"तुमच्या बहिणीनं ऐकलं नाही," मी म्हणालो.

आतून परत थापण्याचा आवाज सुरू झाला, जरा जोरातच. दादांनी माशाचा मोठा तुकडा उचलला, माझ्या ताटात घातला आणि म्हणाले, "जेवा. गार व्हतंय."